काजरघळचं क्रॉसिंग

“मास्तर, काही राहिलं का?”

भिकाजी तांडेलांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, तळहाताने त्याची घडी सारखी केली आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून माझ्यापुढे धरलं. गळ्यात झेंडूचा हार होता, वरच्या कुठल्याशा स्टेशनात घातलेला. गार्डाच्या पांढऱ्या गणवेशात तो सहा फुटी माणूस नवरदेवाच्या मामासारखा अवघडून उभा होता.

कागदावर अकरा सह्या झालेल्या होत्या. बारावी माझी.

“बसा ना काका. चहा सांगतो.”

“चहा अकरा ठिकाणी झाला. आता पोटात जागा नाही. सही करा, म्हणजे मी माझ्या डब्याकडे जातो. अप यायची वेळ झाली.”

“अप येऊ दे. मग करतो.”

“सहीला काय मुहूर्त लागतो होय, मास्तर?”

ते हसले. मी हसलो नाही. त्यांना वाटलं असेल, मास्तरांना वाईट वाटतंय. कागद माझ्यापाशीच ठेवून ते बाहेर गेले.

हा कागद म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या नीरावलीबाहेर कुणाला त्याचा पत्ता नसणार. आमचा देश केवढा, तर सकाळी बंदरावर आंघोळ करून निघालेला माणूस जेवायला डोंगरमाथ्यावर पोचतो एवढा. खालच्या टोकाला करंजखाडी, वरच्या टोकाला थोरमाथा, मध्ये एकच लोहमार्ग आणि त्यावर तेवीस स्टेशनं. या मार्गावर चालते ती नीरावली राज्य प्रवासी रेल्वे. लोक तिला नुसतं ‘प्रवासी’ म्हणतात. मालगाडी आमच्याकडे नाही. प्रवासीत माणूस चढतो, पोतं चढत नाही, हे आमच्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. गाडी सरकारची, म्हणजे सगळ्यांची, त्यामुळे तिकीट विचारलं की निम्मे उतारू मालकाच्या थाटात बघतात.

या प्रवासीत एक रीत होती. माणूस निवृत्त होताना शेवटच्या फेरीत प्रत्येक स्टेशनात उतरायचा आणि मास्तरला विचारायचा, ‘काही राहिलं का?’ एखादा अहवाल, एखादी तक्रार, एखादा न मिटलेला वाद. मास्तर म्हणायचा, ‘काही नाही राहिलं, सुखरूप जा,’ आणि सही करायचा. तेवीस सह्या झाल्या की माणूस सुटला. सगळे न वाचता सही करायचे. आजवर मीही तसंच करत आलो होतो.

काजरघळ स्टेशन मार्गाच्या बरोब्बर मध्यावर, एका लांबलचक वळणावर. रोज सकाळी दहा चाळीसला वरून डाउन गाडी यायची, चार मिनिटांनी खालून अप. एकेरी मार्ग असल्यामुळे दोन्ही इथे शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि मग एकमेकींना वाट करून द्यायच्या. क्रॉसिंग म्हणतात ते हेच. त्या वेळात या खिडकीतून त्या खिडकीत काय जात नसे! लोणच्याच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या, लग्नाच्या पत्रिका. एक सोयरीक तर माझ्या डोळ्यांदेखत खिडकीतून खिडकीत जमली.

आता गंमत बघा. दोन गाड्या समोरासमोरून येऊन शेजारी थांबल्या, की एकीचं इंजिन येतं दुसरीच्या शेपटापाशी. म्हणजे एकीची चालक आणि दुसरीचा गार्ड अगदी तोंडासमोर, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर. डाउनचे गार्ड होते भिकाजी तांडेल. आणि अपची चालक होती रेवती तांडेल, त्यांची एकुलती एक मुलगी. गेली पाच वर्षं रोज ती दोघं अशी समोरासमोर यायची, आणि पाच वर्षांत ती बापाशी एक अक्षर बोलली नव्हती.

रेवतीची आई ती तीन वर्षांची असताना गेली. पोरीला ठेवायचं कुठे, म्हणून भिकाजींनी तिला गार्डाच्या डब्यात वाढवली. झेंडीच्या कापडाचा तिला झबला शिवला होता असं जुने लोक सांगायचे. पुढे ती प्रवासीची पहिली बाईचालक झाली, आणि एका वैशाखात बापलेकीला पहिल्यांदाच एका गाडीवर ड्युटी मिळाली. पुढे लेक, मागे बाप. करंजखाडीला फोटो काढले, पेढे वाटले. ती गाडी अकरा स्टेशनं ओलांडून काजरघळला आली आणि इथून सुटताना थांबली. भिकाजींनीच मागून ब्रेक ओढला होता. इंजिन लाल सिग्नल ओलांडून पुढे गेलं होतं.

तसं कुणाला खरचटलंही नाही. पण भिकाजींनी अहवालात लिहिलं, ‘गाडी सुटल्यावर बाहेर वाकून पाहिले. सिग्नल चढलेला होता व इंजिन त्याखालून जात होते.’ सिग्नलचा हात पडला म्हणजे जा आणि चढला म्हणजे थांब, एवढं उतारूंनाही कळतं. रेवती चौकशीत एकच सांगत राहिली, “मी गाडी सोडली तेव्हा सिग्नल पडलेला होता.” तिचं कुणी ऐकलं नाही. सहा महिने ती घरी बसली. बाईच्या हाती इंजिन दिलं की असंच व्हायचं, असं म्हणायला टपलेल्यांना आयतंच कोलीत मिळालं. कामावर परत आली ती थोरमाथ्याला बदली मागून, बापाबरोबर एका गाडीवर कधीच येणार नाही अशी पाळी लावून घेऊनच.

ती मला एकदा म्हणाली होती, “मास्तर, त्यांनी नोकरी जपली याचा मला राग नाही. त्यांनी मला खोटी ठरवली. सिग्नल पडलेला होता एवढं एकदा म्हणू देत, मी त्यांच्या पाया पडेन.”

मी ते भिकाजींच्या कानावर घातलं. त्यांनी झेंडी गुंडाळून काखेत धरली. मग म्हणाले, “मी चढलेला पाहिला, मास्तर. न पाहिलेलं कसं म्हणू? माझी पोर आहे म्हणून म्हणू?” आणि मग आवाज उतरवून, “पण ती खोटं बोलत नाही हो. लहानपणी काच फुटली तरी येऊन सांगायची. मला काही समजतच नाही.”

मेल गाडीवर बढती मिळत होती ती त्यांनी तीनदा नाकारली. का, ते कुणी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. मेल काजरघळला थांबत नसे.

आता उद्यापासून ते खाली बंदरावर, ती वर डोंगरात. समोर यायचंसुद्धा कारण उरणार नव्हतं. आज ती दोघं बोलली नाहीत तर कधीच बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं. त्या चार मिनिटांत मी मेमोचं पुस्तक पुढे ओढलं आणि लिहायला बसलो. तीनदा कागद फाडला. चौथ्यांदा पाच ओळी लिहून होतात तोवर अपची शिट्टी आली.

मी बाहेर आलो. अपचं इंजिन भिकाजींच्या डब्यापाशी येऊन उभं राहिलं. भिकाजी दारात हिरवी झेंडी घेऊन उभे होते. रेवती सरळ समोर बघत होती, रूळ कुणी उचलून नेईल अशा धास्तीने. भिकाजींनी हार काढून मागे कुठेतरी ठेवला होता. लेकीसमोर हार घालून उभं राहायची त्यांना लाज वाटली असावी.

“रेवतीबाई, खाली या. मेमो आहे.”

मेमो म्हटला की चालकाला उतरावंच लागतं. वाचून सही करावी लागते. ती उतरली.

“कसला मेमो? पुढे रुळाचं काम आहे का?”

“वाचा. मोठ्याने वाचा.”

“मोठ्याने कशाला?”

“गार्डाला ऐकू जायला हवं.”

“माझा गार्ड मागे आहे, मास्तर.” ‘माझा’ या शब्दावर तिने असा जोर दिला की भिकाजींची झेंडी खाली आली.

“वाच ना, बाई,” मी म्हटलं.

तिने वाचायला सुरुवात केली. चालक लोक वाचतात तसं, भरभर आणि सपाट.

“चालक रेवती भिकाजी तांडेल यांस. पाच वर्षांपूर्वी वैशाखात आपली गाडी काजरघळहून सुटताना सिग्नल पडलेला होता…”

ती थांबली. पुढचं तिने इतक्या हळू वाचलं की भिकाजी डब्यातून खाली उतरून जवळ आले.

“…गाडी सुटल्यावर तो माझ्या हातून चढला. समोरून आलेल्या गाडीच्या सिग्नलचा चार नंबरचा लिव्हर परत टाकायचा राहिला होता. घाईत मी आपल्या सिग्नलचा तीन नंबरचा टाकला. चौकशीत मी हे सांगितले नाही. श्रीनिवास केणी, स्टेशन मास्तर, काजरघळ.”

दोन्ही गाड्यांतून लोकांचा कलकलाट चाललेला होता.

ते सांगायला इतकी वर्षं लागली, पण घडलं होतं एवढंच. चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं होतं, “सिग्नल चढलेला होता का?” मी म्हटलं, “होय.” कधी चढला हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नरो वा कुंजरो वा. नोकरी नवी होती, घरी दोन लहान मुली होत्या. असली कारणं ज्याच्या त्याच्याकडे असतात. त्यानंतर रोज सकाळी मी त्या दोघांना समोरासमोर गप्प बघत होतो आणि मूग गिळून बसत होतो. कित्येकदा मनात यायचं, आज सांगू. मग गाड्या सुटायच्या.

भिकाजींनी तिच्या हातातला कागद घेतला. चष्मा लावला. स्वतः वाचला, बोट ठेवून, एकेक शब्द. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

“तुम्ही माझ्या घरी जेवलात, मास्तर. गेल्या गणपतीत.”

“हो.”

“तेव्हाही ठाऊक होतं.”

“हो, काका.”

ते लेकीकडे वळले. हातात कागद तसाच.

“सिग्नल पडलेला होता, बाय,” ते म्हणाले. “तू खरं सांगत होतीस. पडलेला होता.”

रेवतीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पाच वर्षं जे वाक्य तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता ते घ्यायचं कसं हे तिला समजत नव्हतं.

“मग मी चढताना पाहिला कसा नाही?” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “मी रोज तोच विचार करते. डोळे कुठे होते माझे? आणि मग आठवतं. मी मागे बघत होते, बाबा. गाडी सुटली की गार्डाची झेंडी बघायची, नियमच आहे. तुमची झेंडी बघत होते. पहिल्यांदाच तुम्ही मला झेंडी दाखवत होतात ना. म्हणून जरा जास्तच वेळ बघत राहिले.”

“मग चौकशीत सांगायचं होतंस!”

“काय सांगू? बापाकडे बघत बसले म्हणून? ते हसले असते. तुम्हालाही हसले असते.”

भिकाजींनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा हिरव्या झेंडीनेच डोळे पुसले. सेहेचाळीस वर्षांत त्यांनी झेंडी जमिनीला लागू दिली नव्हती.

ऑफिसात फोन वाजायला लागला. कंट्रोलचा. अप सुटायची वेळ होऊन गेली होती. मी हललो नाही. अपच्या पहिल्या डब्यातून एका म्हातारीने डोकं बाहेर काढलं.

“का रे मास्तर, गाडी का अडवलीस?”

“जरा थांबा, आजी. बापलेक बोलतायत.”

“तांडेलाची पोर? बापाशी?” म्हातारीने आत तोंड करून ती बातमी सांगितली, आणि मिनिटभरात ती सातव्या डब्यापर्यंत गेली. प्रवासीच्या उतारूंना बापलेकीची गोष्ट ठाऊक नव्हती असं नाही. “राहू दे मग उभी,” म्हातारी म्हणाली. “आपल्याच मालकीची गाडी आहे. कुणाच्या बापाचं काय जातंय!”

कुणीतरी केळी पाठवली. कुणीतरी पाण्याचा तांब्या. दोन्ही गाड्यांच्या खिडक्यांतून सल्ले यायला लागले, ते त्या दोघांच्या कानांपर्यंत पोचले नाहीत एवढं बरं.

रेवतीने बापाचा हात धरला होता. झेंडीसकट.

“आणि मी जे पाच वर्षं केलं ते?” ती म्हणाली. “रोज समोर येऊन उभी राहायचे आणि तोंड फिरवायचे. पहिल्या पावसाळ्यात तुम्ही डबा पुढे केलात, तो मी घेतला नाही. त्याचा अहवाल कोण लिहिणार, बाबा?”

भिकाजी तांडेल हा माणूस कसा होता ते मी सांगितलं आहे. पोटच्या पोरीसाठी न पाहिलेलं पाहिलं म्हणाला नाही, आणि पाहिलेलं कधी लपवलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, तीन वर्षांच्या पोरीचे सारावेत तसे.

“तसलं काही मी पाहिलेलं नाही,” ते म्हणाले.

मग मात्र ती रडली. प्लॅटफॉर्मवर, दोन गाड्यांच्या मधोमध, चालकाच्या गणवेशात, हमसून हमसून. मी तिकडे पाठ केली आणि फोन घ्यायला गेलो. कंट्रोलला सांगितलं, अप सतरा मिनिटं उशिरा. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, कारण स्टेशन मास्तर.

जाताना भिकाजी ऑफिसात आले. सह्यांचा कागद टेबलावर तसाच होता.

“करा आता सही,” ते म्हणाले.

मी केली. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्यांनी कागद उचलला, फुंकर मारली, घडी घातली. माझ्याकडे न बघता डब्याकडे गेले.

मेमोची चालकाकडची प्रत रेवतीने थोरमाथ्याला पोचल्यावर कचेरीत जमा केली. ती फाडून टाकेल अशी आशा मला नव्हती आणि तशी इच्छाही नव्हती. नियमच होता तसा. पंधरा दिवसांनी करंजखाडीच्या मुख्य कचेरीतून मला बोलावणं आलं.

चौकशीच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. सकाळी नऊला मला तिथे बसवलं. जाणारे येणारे शिपाईसुद्धा माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. बारा वाजता भिकाजी आले, साध्या सदऱ्यात. त्यांना साक्षीला बोलावलं होतं. माझ्यासमोरून ते सरळ आत गेले. दार लोटलं गेलं. त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. सकाळपासून अन्नाचा कण गेला नव्हता आणि जाणारही नव्हता.

एकच्या सुमाराला कुणीतरी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलं. रेवती. त्या दिवशी ती डाउन गाडी घेऊन नुकतीच खाली आली होती. हाताला तेलाचे डाग होते. आता ती आठवड्यातून दोन रात्री बापाच्या घरी मुक्काम करते, हे मी ऐकलं होतं.

तिने पिशवीतून डबा काढला, मांडीवर उघडला. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. एका भाकरीचे दोन तुकडे केले.

“मास्तर, मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली.

“हो.”

“पुढे करीन असंही वाटत नाही.”

“हो, बाई.”

आतून भिकाजींचा आवाज येत होता. तिने दाराकडे पाहिलं.

“पाच वर्षांपूर्वी मी याच बाकावर बसले होते. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. आत बाबा बोलत होते, बाहेर मी. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.” तिने भाकरीवर चटणी ठेवली आणि तो तुकडा माझ्यापुढे धरला. “इथे उपाशी बसवत नाही माणसाला. घ्या.”

मी घेतला.